नातीची लाकडी भाजी

लिहिण्यात चुका होतील आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीला सुटली. नंतर सही आणि वाण्याची यादी यापलीकडे लिहायची वेळ आली नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं.

नात दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हसायची, बोट दाखवायची, हाताला धरून ओढत न्यायची, पण शब्द नाही. मुलगा आणि सून दोघंही सरकारी नोकरीत. सकाळी गाझियाबादहून दिल्लीला जायची ती दिवेलागणीलाच परत. दिवसभर घरात नात आणि मी.

सुनेनं मोबाइलवर पुष्कळ वाचलं आणि दोन गोष्टी ठरवल्या. मेंदूची वाढ करणारी खेळणी मागवायची. वर्षाचे पैसे आधी भरले की वयाप्रमाणे एकेक खोका घरी येतो. आणि घरात भाषांची खिचडी करायची नाही, त्यानं मुलीचा गोंधळ होतो. आजीनं शुद्ध मराठी बोलायचं, इंग्रजी खेळणं शिकवेल, हिंदी बाहेर आपोआप येईल.

मुलगा म्हणाला, "आम्ही पाटी-पेन्सिलीवर वाढलो, काय बिघडलं?"

"म्हणूनच अजून फायली ढकलतोयस," सून म्हणाली.

फ्लॅटचा हप्ता जाऊन एकदम भरण्याएवढे पैसे उरत नव्हते. मी सुनेला म्हटलं, ह्यांच्या मागं मला मिळणाऱ्या पेन्शनमधले घे.

"उसने हं, आई. दर महिन्याला थोडे थोडे परत देईन."

"घरातल्या घरात कसलं उसनं?"

"नाही, बिल्कुल उसने."

शुद्ध बोलणं अडलं ते माझ्यापाशी. लग्न होऊन दिल्लीत आले त्याला चाळीस वर्षं होत आली. एवढ्या काळात माझ्या मराठीत हिंदी किती मिसळली ते मला सांगता येत नाही. एकदा नातीला म्हटलं, "अच्छा, चलो, आता खाना खायचा." सून दारात चपला घालत होती. "आई, जेवायचं," ती हळूच म्हणाली. रागावून नाही. पण तेव्हापासून प्रत्येक वाक्य मी तोंडातच तपासू लागले, आणि बरीचशी तिथूनच परत जायची. मुळात मी कमी बोलणारी. घर शांत झालं.

बोलायची ती फक्त पहिल्या खोक्यातली पेटी. चित्रावर बोट दाबलं की एक बाई इंग्रजीत प्राण्याचं नाव सांगायची. नात गाय दाबायची आणि माझ्याकडे बघायची. मी नुसती मान हलवायची. तो शब्द माझ्या तोंडून नीट निघेल असं मला वाटायचं नाही.

शेवटी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कान तपासले, ते चांगले होते. बाईंनी हिंदीत विचारलं, "दिन भर इससे बात कौन करता है?" सुनेनं खेळण्यांबद्दल सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "खिलौना जवाब नहीं देता।" मग माझ्याकडे वळल्या. "माताजी, आप बात करती हैं?" मी खाली बघितलं. सुनेनं घरातला नियम सांगितला. बाई म्हणाल्या, दोन भाषांनी मुलाचं काही बिघडत नाही. जशी येते तशी बोला, मिसळून बोला, आणि ती काही म्हणेल म्हणून थांबा. खेळणी असू द्या, पण सोबत बसा. तीन महिन्यांत शब्द आला नाही तर वाचा शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवू.

परतताना रिक्षात सुनेनं नातीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही माझ्यामुळे गप्प झालात का?"

"नाही गं. मी आधीपासूनच गप्प."

"ते तर आहेच," ती म्हणाली. हसली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आता बोला म्हणजे काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी मी नातीसमोर बसले आणि मला काही सुचेना. त्याच सुमारास दुसरा खोका आला. त्यात लाकडी भाजी होती. दोन अर्धुकं चिकटवलेली वांगी, गाजरं, टोमॅटो, एक बोथट सुरी आणि एक ट्रे. नातीला ट्रे देऊन भाजीवाली केलं. खऱ्या भाजीवाल्याच्या ठेल्यावर मी कधी घासाघीस केली नाही. शेजारीण भाव करायची, मी तिच्या भावानं घ्यायची. इथं ऐकायला कोणी नव्हतं. "बैंगन कैसे दिये? एवढे महाग? आत कीड आहे बघ. सुट्टे दे, सुट्टे." हिंदी कुठं संपते आणि मराठी कुठं सुरू होते ते बघितलंच नाही. नात खिदळायची. मी हात पुढं करून थांबायची. किती दिवस ती वांगं देऊन नुसती बघायची. तीन महिने संपत आले होते.

एका दुपारी तिनं माझ्या हातावर वांगं ठेवलं आणि म्हणाली, "लो."

संध्याकाळी सुनेला सांगितलं. "हिंदी?" एवढंच ती म्हणाली. मग खांद्यावरची पर्स न काढताच जमिनीवर बसली. "मला गाजर दे ना गं." "लो." सुनेनं सगळी गाजरं विकत घेतली.

त्यानंतर शब्द येऊ लागले, मराठी आणि हिंदी. इंग्रजी गायही आली, पण मी सोबत हंबरायला लागल्यावर.

मुलगा मला चिडवतो, "मग आई, खेळण्यांनी मेंदू वाढतो की नाही?" पोरीच्या मेंदूचं मला काय कळणार. बोलक्या पेटीचे सेल संपले, ते कुणी बदलले नाहीत. लाकडी भाजीचा मात्र उपयोग झाला. दुसऱ्या एखादीला स्वयंपाकघरातल्या खऱ्या वांग्यावर हे जमलं असतं. मला जमलं नसतं, मला खऱ्या वांग्याशी बोलायची लाज वाटली असती.

सून दर महिन्याला पाकीट आणून देत राहिली. शेवटचं तिनं नातीच्या हाती दिलं. नात ते ट्रेवर ठेवून माझ्याकडे घेऊन आली. "आजी, लो पैसे."

मी नोटा मोजल्या. ती हात पसरून तिथंच उभी.

"आता काय गं?"

"सुट्टे."

"अगं, आजीचं काही देणं राहिलं नाही, आपले सगळे फिटले," सून आतून म्हणाली. मी नातीच्या हातावर अर्धं वांगं ठेवलं. "अच्छा," म्हणाली आणि गेली.