माझ्या वजनाचा गूळ

माझं वजन वाढलं याचा देवाशी काय संबंध, यावर आमच्या गावात मारुतीच्या पारावर बराच वेळ वाद झाला. मीही तिथंच होतो, पण मला कोणी बोलू देत नव्हतं, कारण मी तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसलो होतो आणि मी बोललो की काटा हलायचा.

सुरुवातीपासून सांगतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाव परतूरकडचं, कॉलेज जालन्याला. माझा बारावीचा निकाल लागायच्या आधी आई मारुतीला नवस बोलली होती, की लेकरू पास होऊन कॉलेजात जाऊ दे, त्याच्या वजनाइतका गूळ गावात वाटीन. तेव्हा मी इतका वाळका होतो की समोरून वारं आलं तर सायकलवरून उतरून चालायचो. नवस बोलण्याआधी आईनं मला वरपासून खालपर्यंत एकदा नक्की पाहिलं असणार. तिला गूळ झेपेल असाच मी होतो.

मी पास झालो, जालन्याला गेलो, आणि नवस राहून गेला. एका वर्षी कापसानं दगा दिला, पुढं ताईचं लग्न निघालं. इकडं होस्टेलच्या मेसमध्ये माझं चांगलं चाललं होतं. घरी तिसरी भाकरी घ्यायच्या आधी मी टोपल्यात किती उरल्यात ते बघायचो. मेसमध्ये ते टोपलंच दिसत नव्हतं, वाढणारा वाढत राहायचा. सुट्टीत गावी आलो की लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. ते ऐकून आई आधी खुश व्हायची आणि मग एकदम गप्प व्हायची. ती गप्प का होते हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

त्याच काळात आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी एक निबंध लिहायला दिला होता. लोक धर्मावर विश्वास का ठेवतात? मला वाटलं, सोपं आहे. भीती, अज्ञान आणि सवय, अशी तीन कारणं मी चांगल्या अक्षरात लिहिली. सरांनी खाली लिहिलं, 'अजून विचार कर.' मला थोडं वाईट वाटलं, कारण तीनपेक्षा जास्त कारणं मला सुचत नव्हती.

मग ताई बाळंतपणाला घरी आली. तिचं पहिलं बाळ आदल्या वर्षी सातव्या महिन्यात गेलं होतं. या वेळी सातवा लागला तशी आईची झोप गेली. रात्रभर ती उठून ताईच्या बाजेपाशी जायची, तिचा श्वास ऐकायची, परत येऊन पडायची आणि डोळे उघडे ठेवायची. दिवसा भाकरी थापताना तिला डुलकी लागायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. जालन्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. आईनं ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "डॉक्टर चांगलाय. पण डॉक्टरचं आपल्याकडं काही राह्यलेलं न्हाई. मारुतीचं राह्यलंय."

आठवडाभरात तिचा फोन आला. "ह्या शनवारी नवस फेडायचाय. शुक्रवारी ये. अन् तवर जरा कमी खा."

कॉलेजात आम्ही काही मित्र संध्याकाळी जमून अंधश्रद्धेवर बोलायचो, आणि त्यात मी बऱ्यापैकी बोलायचो. मी धीर करून म्हणालो, "आई, मी न्हाई बसणार. माझा विश्वास न्हाई त्याच्यावर."

"तुझा विश्वास कोण मागून राह्यलं? तुझं वजन पाह्यजे."

फोनवर तिचा आवाज फार थकलेला होता. मी गेलो.

शुक्रवारी रात्री मला अर्धी भाकरी आणि पातळ वरण मिळालं. ताईच्या ताटात तूप, शेंगदाण्याची चटणी, सगळं. ती मला दाखवून दाखवून खात होती. "मला दोन जिवांचं जेवण, अन् तू अर्ध्या जिवाचा," म्हणाली आणि इतकी हसली की आई घाबरून तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली.

सकाळी पहिला प्रश्न तराजूचा आला. गावातल्या भुसार दुकानदारानं सुचवलं की त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी उभं राहायचं, आकडा बघायचा आणि तेवढा गूळ मोजून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. पण मारुतीचे गुरव तयार होईनात. ते म्हणाले, "देवाला आकडे कुठं वाचता येतेत? दोन्ही पारडी समोरासमोर पाह्यजेत." मला यात तथ्य वाटायला लागलं आणि असं वाटायला लागल्याचं थोडं भयही वाटलं. शेवटी दुकानदाराच्या गोदामातला जुना काटा काढला आणि पारावरच्या कडुलिंबाच्या फांदीला साखळीनं टांगला. मी पारड्यात बसलो तशी फांदी कुरकुरली. पोरं ओरडली, "दादा, फांदी मोडंल!"

आईनं आणलेल्या गुळाच्या ढेपी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकेक करून समोरच्या पारड्यात ठेवल्या. सगळ्या ठेवून झाल्या. माझं पारडं जमिनीवरून हललंही नाही.

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मुद्दाम जोर देऊन बसलोय. आई गुरवांकडं वळली. "नवस बोलले तवा हा एवढा होता का? बोलले त्या दिवशीचं वजन धरा."

"तसं न्हाई, वहिनी. फेडायच्या दिवशीचं धरत्यात."

"मंग मेसमध्ये खाल्लेलं माझ्या नवसात कसं आलं? त्याचे पैसे मी भरले. ते काय देवानं दिलं?"

गुरव विचारात पडले. सगळा पार त्यांच्या तोंडाकडं बघत होता. "कॉलेज देवानं दिलं," ते सावकाश म्हणाले, "अन् मेस कॉलेजासंगट आली."

हे पुष्कळांना पटलं. माझे चुलत आजोबा पाराच्या कठड्याला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बिलकुल बराबर. सूनबाई, अजून दोन वर्सं थांबली असतीस तर गुळाची गाडीच सांगावी लागली असती."

आईनं हार मानली नाही. तिनं माझं ओझं कमी करायला घेतलं. चपला आधीच काढलेल्या होत्या. पट्टा काढायला लावला, मोबाईल घेतला, पाकीट घेतलं, मग शर्ट. मी बनियनवर बसलो आणि कोणाकडं बघायचं ते न कळून मारुतीकडं बघत राहिलो. आजोबा म्हणाले, "डोस्क्यातलं बी काढा जरा. लई भरलंय तिथं."

आणि तेवढ्यात मी वर जायला लागलो.

हळूहळू, अगदी अलगद, माझं पारडं जमीन सोडून उचललं गेलं. लोकांनी हात जोडले. एका म्हातारीनं तर जयजयकारही केला. पण समोर गूळ तेवढाच होता, कोणी काहीच घातलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. आण्णा मारुतीपुढं डोळे मिटून, हात जोडून उभे होते. इतका भाविक चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा गुळाच्या पारड्याच्या काठावर होता.

"आण्णा," मी म्हणालो, "पाय."

आण्णांनी डोळे उघडले नाहीत.

"अंगठा काढा, आण्णा. हे बरोबर न्हाई. देवाला फसवून राह्यले तुम्ही."

आण्णांनी पाय काढला. मी धपकन खाली आलो. आजोबा कठड्यावरून उठले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "तुझा तर देवावर विश्वास न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग देवाच्या बाजूनं तू कशाला भांडून राह्यला?"

सगळा पार हसला. मी कानापर्यंत तापलो. खरंच, त्या पारावर विश्वास नसलेला मी एकटाच होतो, आणि वजन चोख झालं पाहिजे म्हणणाराही मी एकटाच. गुरवांनी तो अंगठा माझ्या आधी पाहिला होता. म्हणूनच तर ते उदबत्ती लावायला पाठमोरे झाले होते.

आई मात्र हसली नाही. ती माझ्यावर चिडली होती. "मारुतीला दिसला न्हाई का ह्यांचा अंगठा? दिसला. तरी गप बसला तो. आपला हाये म्हणून गप बसला. तुलाच तेवढं बोलायचं होतं!"

हे वाक्य मी जालन्याला परत गेल्यावर पुष्कळ दिवस मनात फिरवलं. माझी आई परतूरच्या दुकानात चुकून जास्त आलेले सुटे पैसे परत द्यायला उन्हात मागं जाते. परक्याच्या वावरातली मेथीची काडी तिनं कधी उचलली नाही. भावाच्या मळ्यात गेली की मात्र न विचारता पिशवी भरून वांगी तोडते, आणि मामा बघून न बघितल्यासारखं करतो. त्याला ती चोरी म्हणत नाही, मामाही म्हणत नाही. मला वाटतं, मारुतीचं तसंच आहे. मी निबंधात लिहिलेल्या तीन कारणांत मामाचा मळा कुठंच बसत नव्हता. मी सरांना हे सांगायला गेलो, पण दारातूनच परत आलो. नीट मांडता येईल असं वाटलं नाही. आता इथं तरी आलंय की नाही, सांगता येत नाही.

पारावर पुढं काय झालं ते राहिलंच. गूळ कमी पडत होता हे आता उघड झालं होतं. दुकानदार म्हणाला, दुकानातून दोन ढेपी आणतो. मी घाईनं म्हणालो, मी माझ्या स्कॉलरशिपमधून देतो. मला वाटलं, आईला बरं वाटेल. तिनं हातानंच नको म्हणून सांगितलं.

ती अनवाणी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली आणि शेजारणीशी बोलावं तशी मारुतीशी मोठ्यानं बोलली. "हे एवढं घे. राह्यलेलं पोरगी मोकळी झाली की देते. तवर तुझं बी ध्यान असू दे. मी एकटीनं किती बघू? आजपासून रातचं तू बघ, दिवसाचं मी बघते."

गुरव म्हणाले, "वहिनी, असं अर्धं ठेवत न्हाईत."

"का? ठेवलं तर तो इकडं बघत राहील," आई म्हणाली आणि गूळ फोडायला बसली.

पुढं ताईला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. ताई डॉक्टरांचं नाव घेते, आई मारुतीचं, आणि आण्णा म्हणतात की दोघांचं थोडंथोडं. राहिलेला गूळ आईनं बारशाला वाटला. तोही थोडा कमीच होता असा मला संशय आहे, पण या वेळी मी काही बोललो नाही.

मला सांगायचंय ते मात्र त्या शनिवारच्या दुपारचं. गूळ वाटून आई घरी आली, हात धुवायला म्हणून न्हाणीकडं निघाली आणि वाटेत ओसरीवर जरा टेकली. टेकली ती झोपलीच. पदर सावरलेला नाही, बोटांना गूळ तसाच चिकटलेला, आणि तोंड थोडं उघडं. कोंबड्या तिच्या पायापाशी फिरत होत्या. कोणी मोठ्यानं बोललं तरी ती हलत नव्हती. आण्णांनी बाहेर जाताना दाराची कडी वाजू नये म्हणून ती हातात धरून दार ओढलं.

मी आतल्या खोलीत जाऊन ताईच्या बाजेपाशी बसलो. ताई आडवी पडून बोरं खात होती.

"तू काय बसून राह्यला इथं?" ती म्हणाली. "जाय, गावात फिरून ये. लोक तुझीच गोष्ट सांगत असतील."

"हळू बोल," मी म्हणालो. "दिवसाची पाळी आईची आहे. ती झोपलीय."