दोन पुढच्या बाजूंचं सभागृह

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मुरुडच्या वाटेवरच्या आमच्या गावाला कॉलेज मिळालं होतं. कॉलेज माळावर, गाव समुद्राकडे, मध्ये ओसाड पट्टा. विद्यापीठाकडून पत्र आलं की कॉलेजचं आवार आणि गाव जोडणारी एखादी इमारत व्हावी. गावात आर्किटेक्ट मी एकटाच, तोही परीक्षा देऊन नुकताच मुंबईहून परतलेला. काम माझ्याकडे आलं.

मी साधं सभागृह काढलं. तोंड गावाकडे, पाठ आणि संडास कॉलेजकडे. प्राचार्य नकाशा बघून म्हणाले, "म्हणजे विद्येकडे पाठ." मी तो उलटा केला. मग नगराध्यक्ष भडकले. "जागा आमची आणि संडास आमच्याच तोंडावर?"

तिसऱ्या बैठकीत दोघांचं एकमत झालं. इमारतीला दोन्ही बाजू पुढच्याच हव्यात, मागची नको.

"मग संडास कुठे काढू?"

"ते तुम्ही शिकून आलात ना?" प्राचार्य म्हणाले.

मी संडास काढलाच नाही. व्यासपीठही भिंतीला टेकवता येईना, कारण टेकवावं ती भिंत मागची ठरायची. शेवटी ते बरोबर मध्यावर आलं. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. दोन्ही पक्ष खूश. उद्घाटनाचा दिवस ठरला.

पाहुणे मुंबईचे. विद्यार्थ्यांकडे तोंड करून त्यांनी सुरुवात केली तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, आम्ही पण आलोय!" ते वळले. मग विद्यार्थ्यांनी बाकं वाजवली. पुढे ते गोल फिरत बोलत राहिले. अर्धं वाक्य इकडे, अर्धं तिकडे. मी खांबाआड उभा राहून घाम पुसत होतो.

इतक्यात गावाकडच्या दारातून एक कोळीण आत आली. डोक्यावर मासळीची पाटी. ती सरळ मधल्या वाटेने निघाली. मागे आणखी चौघी.

प्राचार्य धावले. "बाई, कार्यक्रम चालू आहे!"

"चालू दे की. आमी बसाया न्हाय आलो," ती म्हणाली. "माळापल्याड जायाची वाट हाय ही. मदी घर तुमी बांधलाव."

खरं होतं. दोन्हीकडे कुंपण घातल्यावर माळावर जायला माझं सभागृहच तेवढं उरलं होतं. पाहुणे बोलायचे थांबले, वाकले आणि विचारलं, "पापलेट आहे का?" ताजं निघालं. भाषण तिथेच संपलं.

कोळिणींना अडवायची हिंमत कुणाची झाली नाही. म्हणून प्राचार्यांनी व्याख्यानं त्या येऊन गेल्यानंतर ठेवायचं ठरवलं. पण होड्या लागायच्या भरतीवर आणि भरती रोज थोडी उशिरा. त्यामुळे व्याख्यानंही सरकायला लागली. वेळापत्रक दोनदा छापून फाडलं. शेवटी काय झालं, ते मी स्वतः पाहिलं. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, हातात छत्री, बंदरावर एका कोळिणीला अदबीने विचारत होते, "बाई, उद्या माझं व्याख्यान किती वाजता?"

तिने समुद्राकडे पाहिलं.

"उद्या न्हाय," ती म्हणाली. "उद्या वारा हाय. परवा या."