एक आवाज द्या, गाडी काढतो

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आईला रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितलं. वालूरच्या शेतात जन्म काढलेली बाई ती, चालायचा तिला कंटाळा नव्हता. परभणीत आमच्या कॉलनीत नालीवर फरशा टाकून फुटपाथही केलेला. पण त्यावर माणूस चालेल तर शपथ! कुठं मोटारसायकली, कुठं पाण्याची टाकी, आणि शेजारच्यांची पांढरी कार तर भिंतीला चिकटून उभी.

मी तावातावानं भांडायला जायचे, पण माणसं इतकी गोड की भांडण व्हायचंच नाही. "मावशी, नुसता एक आवाज द्या की. लगेच काढतो गाडी," शेजारचे म्हणाले. आईनं आवाज दिला. तोंडात ब्रश घेऊन ते आले, कार मागं घेतली, आणि आई पुढं जाताच पुन्हा होती तिथं लावली. परत येताना पुन्हा आवाज!

चार दिवसांनी आई म्हणाली, "सकाळी सकाळी लोकायची दारं वाजवत फिरायला मी काय भीक मागायलाय का?" आणि ती रस्त्यावरून चालू लागली. आता स्वतःच्या गल्लीत चालायलाही परवानगी काढायची? मला त्या दिवशीच संताप आला होता.

त्या कारला वळसा घालतानाच मागून आलेल्या एका मोटारसायकलचं हँडल लागून आई पडली. गुडघा वाचला, मनगट मोडलं.

संध्याकाळी निम्मी गल्ली भेटायला आली. शेजारच्यांनी डझनभर केळी आणली. त्यांची काळजी खोटी नव्हती, आणि तेच माझ्या डोक्यात जात होतं. पलंगाशी बसून ते म्हणाले, "मावशी, आता बाहेर पडूच नका. रस्ता लय बेकार झालाय. घरातच फेऱ्या मारा." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"आणि तुमची कार?" मी विचारलं.

"तिला काय झालंय? दारातच हाय की."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच म्हणाली, "जाऊ दे बाई. न्हाई जात मी आता बाहेर."

सगळ्यांना हायसं वाटलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाकडं बोललं नाही. ऑपरेशनच्या कळा सोसून पुन्हा पायांवर उभी राहिलेल्या माझ्या आईला त्यांनी चहा पिता पिता घरात बसवलं. आणि तो चहा मीच केला होता.