माझ्या हातचं चिनी अक्षर
दलालाने मला फसवलं. काल माढ्याच्या लग्नात आहेरात मिळालेल्या टॉवेलची घडी मोडली, कोऱ्या खळीचा वास आला आणि काठावर माझंच चिनी अक्षर दिसलं. चार वर्षांपूर्वी चीनला जाऊन आलेल्या त्या दलालाने सोलापुरात माझ्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात बसून मला ते शिकवलं होतं. "डावीकडं माणूस, उजवीकडं त्याचा शब्द. माणूस शब्दाजवळ उभा राहिला की झाला विश्वास. तिकडच्या गिऱ्हाइकाला हेच दाखवू, शेठ." बायको म्हणाली, "मराठी सही धड येत न्हाय, अन् चिनी गिरवतायत." आठवडाभर गिरवलं, तरी त्या माणसाचा पाय वाकडाच यायचा. शेवटी तसंच विणलं. नमुना आणि मागाला नक्षी सांगणारी भोकांची पंचकार्डं तो दाखवायला म्हणून घेऊन गेला. पुढे निरोप आला, गिऱ्हाईक नको म्हणतंय. कालच्या टॉवेलवर शिक्का दुसऱ्याच कारखान्याचा होता, पाय मात्र तसाच वाकडा. एरवी मी दोन रुपयांवरून अंगावर जातो, काल मात्र टॉवेलची घडी घातली आणि पंगतीत जाऊन जेवलो. जेवण कसं होतं तेही आठवत नाही. मला आता बाकी काही नको. दलालाने समोर यावं आणि तो पाय कुणाच्या हातचा, ते माझ्या तोंडावर सांगावं.