गडग्यामागचं भेकर

इनास सर फळ्यावर गणित सोडवत असताना शाळेमागच्या डोंगरावर भेकर ओरडलं, की त्यांचा खडू तिथल्या तिथे थांबायचा. भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण, पण ओरडतं घसा बसलेल्या कुत्र्यासारखं. सर दारात जाऊन उभे राहायचे. आवाज थांबला तरी थोडा वेळ तिथेच असायचे. मग परत येऊन सोडलेल्या ओळीपासून गणित पुढे न्यायचे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सरांच्या पावण्यान हाक मारल्यान रे!" आम्ही हसायचो. सर कधी रागावले नाहीत.

आमचं गाव कसालच्या बाजारापासून बरंच आत. सर उंच, खांद्यात किंचित वाकलेले, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारे. वर्गात शुद्ध मराठी बोलायचे. शाळेचं फाटक ओलांडलं की मालवणी. "चुकलं तरी चालेल, पण अर्ध्यात सोडू नका," हे त्यांचं रोजचं वाक्य.

दहावीला मी गणितात नापास झाले. माझे बाबा चिरेखाणीवर कामाला होते, आणि घरात दहावीपर्यंत पोचलेली मीच पहिली. निकालाच्याच संध्याकाळी सरांची सायकल आमच्या खळ्यात आली.

"बाबल्या, चेडू खंय?"

"आत रडता हा. जाऊ दे सर, झाला तेचा शिक्षाण. काजूच्या फॅक्टरीत लावतंय तेका."

"तेका फकत लागला आसा. मेला नाय तां."

बाबा गोंधळले. "कोण मेला, सर?"

"कोण नाय. वही घे गो शुभा, चल."

"आता? उद्या सकाळी धाडतंय ना."

"सकाळ नको," सर म्हणाले. आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्यांच्या घरी फिलूमावशीने, म्हणजे सरांच्या बायकोने, माझ्यापुढे पेज ठेवली. "पयली जेव, मगे रड," ती म्हणाली. पुढचे कित्येक महिने मी त्या घरी रोज गेले. पास झाले, कॉलेजात गेले, आणि आज त्याच शाळेत गणित शिकवते. यात माझी हुशारी किती आणि त्या संध्याकाळची सायकल किती, हे मला नीट ठाऊक आहे.

मी नोकरीला लागले तोवर सर निवृत्त झाले होते. एका रविवारी त्यांच्या बागेत आम्ही काजू वेचत होतो. डोंगरावर भेकर ओरडलं. सर बी हातात धरून उभे राहिले. इतक्या वर्षांनी मी विचारलं, "सर, ह्या काय?"

त्यांनी सांगितलं. ते नुकतेच मास्तर झाले होते आणि लग्न ठरलं होतं. फिलूमावशीचे भाऊ देवबागहून सरांच्या याच घरी साखरपुड्याला आले होते. सरांच्या वडिलांचं बांबूचं धनुष्य भिंतीला टांगलेलं होतं, डुकरं हाकायला ठेवलेलं. ते बघून एक मेव्हणा म्हणाला, "मास्तर, ह्या शोभेचा काय? की गणित घालून बाण मारतत?" सर ईर्ष्येला पेटले आणि धनुष्य घेऊन डोंगरावर गेले.

"शिकार बंद आसा, ह्या माका तेवाय ठावक होता," सर म्हणाले. "उजेड कमी होतो. लांब होता तां. सोडूक नको होतो बाण, पण सोडलंय. आणि तां नेमका वळला."

बाण पोटात लागला. भेकर पडलं नाही, झाडीत शिरलं. सर मागे धावणार होते, पण वडिलांनी अडवलं. पोटात लागलेलं जनावर लगेच हाकलू नये, लांब जातं. बसू द्यावं, सकाळी सापडतं. शिकाऱ्यांची रीतच होती ती, आणि सरांनी ती पाळली. घरी कोंबडी शिजली, मेव्हण्यांनी गाणी म्हटली, सर टाळ्या वाजवत बसले. मध्येच एकदा भेकर ओरडलं, अगदी जवळून. ते दुसरंच कुठलं तरी असेल, असं सगळ्यांना वाटलं.

सकाळी रक्ताचे थेंब व्हाळापर्यंत, डोंगरातल्या ओढ्यापर्यंत, दिसले. पुढे काही नाही. सरांनी पलीकडचा सगळा डोंगर धुंडाळला. लग्नानंतरही धुंडाळत राहिले. "खंय मेला, इतक्याच कळाक व्हया माका," ते म्हणाले. "जगला असात, असा कोण सांगता तर सांगो. पोटातलो बाण घेवन कोण जगता?"

गेल्या पावसाळ्यात सरांच्या घरामागचा कुंपणाचा दगडी गडगा कोसळला. उघडीप पडल्यावर गडी दगड काढत होते. मी तिथेच होते. गडग्याच्या मुळाशी, करवंदीच्या जाळीला लागून एक कोरडी पोकळी होती. तिच्यात दातांसकट जबड्याचा तुकडा निघाला, आणि गंजलेलं लोखंडी टोक. जुन्या कोयत्याच्या पात्यातून वडिलांनी ठोकून केलेलं ते टोक सरांनी हातात घेताच ओळखलं.

व्हाळावरून भेकर माघारी फिरलं होतं. सर आयुष्यभर डोंगर बघत राहिले.

मग सर गडग्यापाशी खाली बसले, जमिनीजवळ, जनावर बसलं असेल तसे. म्हणाले, "शुभा, घरात जा. फिलूशी काय तरी बोल. मोठ्यान नको."

मी स्वयंपाकघरात गेले आणि मावशीला हलकेच म्हटलं, "मावशी, पाणी दी गो."

परत आले तेव्हा सर तसेच बसलेले होते.

"सगळा आयकाक येता," ते म्हणाले.

त्यानंतर भेकर ओरडलं की सर दारात जात नसत. बसल्या जागी हात वर करत, आणि घरातले सगळे बोलायचे थांबत. असा एक उन्हाळा गेला. पाऊस लागायच्या आधी सर गेले. दफनानंतर घरी लोक भजनं गाऊ लागले, तेव्हा फिलूमावशीने उठून गडग्याकडचं मागचं दार लावून घेतलं.

शाळेचा निकाल आता दुपारी मोबाईलवर येतो. नापास झालेल्या मुलीच्या घरी मी त्याच संध्याकाळी जाते. लोक म्हणतात, "बाई, आज रडू दे तेका, उद्या सकाळी येवा."

मी सकाळपर्यंत थांबत नाही.