मशीननं न घेतलेला अंगठा

मशीनमधली बाई बोलली, प्लीज ट्राय अगेन.

मी अंगठा पदराले पुसला अन् पुन्हा ठेवला. प्लीज ट्राय अगेन. माह्या मागं पंधरा-वीस जणी उभ्या. आठले पाच मिनिटं कमी होते. आठ वाजून गेले की अर्धा दिवस कापते, त्याच्यानं सगळ्याइले घाई. मागून कोणतरी म्हणलं, तेल लाव वं जराकसं.

आमच्या डाळमिलच्या गेटवर, हजेरीच्या मशीनच्या बाजूले, खिळ्याले सुतळीनं बांधलेली तेलाची शिशी लटकते. दिवसभर तुरीची डाळ निवडता निवडता आमच्या अंगठ्याच्या रेषा घासून जातात. मशीनले मंग अंगठा दिसत नाही. थेंबभर तेल लावायचं, टिपायचं, ठेवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपीले घेते. शिशीतलं तेल कंपनी देत नाही, आम्हीच बाया पाळीपाळीनं घरून आणतो. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या त्या गेटवर सहा वर्षं माही सकाळ अशीच झाली.

म्हणून मले संशय आलाच नाही. मी माह्या अंगठ्यालेच दोष देत राह्यली. तेल लावलं. पाणी लावलं. भिंतीवर घासला. फुंकर मारली. एका खेपीले तर हात जोडल्यासारखं मशीनले म्हणलं, घे ना बाई आता. मागच्या बाया हसल्या. मंग एकेक जण मले बाजूले सारून आपला अंगठा ठेवून आत गेली. शेवटी गेटवर मी एकटी राह्यली, अंगठा लाल झालेला.

सुपरवायझर केबिनच्या दाराशी चहा पीत उभा होता. पहिल्यापासून उभा होता. त्यानं चहा पुरा केला, कप फेकला, मंग आला.

"कायले घासून राह्यली? मशीन चांगली हाय. तुहं नाव कालच काढलं त्याच्यातून."

गेटवरचे वॉचमनकाका खाली पाहत होते. त्यायलेही माहीत होतं.

काम गेलं त्याचं दुःख होतंच. पण त्या माणसानं मले पंधरा मिनिटं अंगठा घासू देला, हे आजही डोक्यातून जात नाही. पहिल्याच खेपीले सांगता आलं असतं. त्याले पाहायचं होतं. गळ्यातलं ओळखपत्र त्यानं काढून घेतलं अन् गेट ओढून घेतलं. ना चिठ्ठी, ना कारण, ना एक दिवस आधी सांगणं. माहं डोक्याले बांधायचं फडकं आतच राह्यलं.

कारण मले माहीत होतं. चावी.

मिलमधल्या बायाच्या संडासले कुलूप राहते. चावी सुपरवायझरच्या शर्टाच्या खिशात. जायचं असलं तर हमाल माणसाइच्या पुढून त्याच्यापाशी जायचं अन् चावी मागायची. तो हाताले हात लागीन अशी चावी द्यायचा. कधी म्हणायचा, आत्ताच तर गेलती. हमाल खी खी करायचे. आम्ही बायाइनं पाणी पिणं सोडलं. उन्हाळ्यात, डाळीच्या धुरळ्यात, आठ-आठ तास पाण्याचा घोट नाही. मले लघवीले जळजळ व्हायले लागली, ताप आला. डॉक्टर म्हणे, पाणी पीत जा. त्याले काय सांगू?

आदल्या दिवशी मालक चक्कर मारायले आलते. मी जाग्यावरून उठून म्हणलं, मालक, बायाच्या संडासची चावी बायापाशी राहू द्या. एवढंच. आवाज चढवला नाही. मालक हो हो म्हणत पुढं गेले. संध्याकाळी माहं नाव निघालं.

घरी काय सांगू, हाच घोर. नवरा वणीकडं कोळशाच्या ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस येत नाही. घरी मी अन् बारावीतली पोरगी. तिले मी सांगतलं नाही. शरम वाटली. चोरी मी केली असावी अशी शरम. चार दिवस मी रोज सकाळी डबा घेऊन निघाली अन् रोडवरच्या बस स्टॉपवर बसून राह्यली. दुपारी तिथंच डबा खाल्ला. संध्याकाळी सुट्टीच्या टायमाले घरी.

तिथं बसून मले तुळसा आठवली. दोन वर्षांआधी अशीच एका सकाळी ती मशीनपुढं अंगठा घासून राह्यली होती. मी तिच्या मागं उभी होती. मी काय म्हणलं होतं? "हो वं बाजूले, माही हजेरी जाईन." अन् तिले सारून मी आत गेली. ती पुन्हा दिसली नाही. कोणी विचारलं नाही, मीही नाही. त्या बस स्टॉपवर मले स्वतःचा एवढा राग आला का सांगता येत नाही.

चौथ्या रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "आई, तुह्या अंगाले डाळीचा वास काहून नाही येऊन राह्यला?"

मंग मले सांगावंच लागलं. मी रडली. ती रडली नाही. तिनं विचारलं, लिहून देलं काय त्यायनं काही? मी म्हणलं, नाही. ती मले तशीच उठवून वस्तीतल्या एका काकापाशी घेऊन गेली. काका राजूरच्या खाणीतून रिटायर झालेले, तिथं युनियनमध्ये होते. काका म्हणे, वर्षभर सलग राबलेल्या कामगाराले असं गेटवरून हाकलता येत नाही. महिनाभर आधी नोटीस द्या लागते, लेखी, कारण लिहून. नोटीस नसली तर तेवढा पगार तरी द्या लागते. तुही तर सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी हे ऐकलंच नव्हतं. आम्हाले सांगणार कोण, अन् आम्ही कोणाले विचारणार?

दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकाचा फोन आला. साहेबानं बोलावलं. मले वाटलं, त्यायचं चुकलं हे कळलं म्हणून बोलावून राह्यले. धुतलेलं लुगडं नेसून गेली, येडी.

साहेब म्हणजे मॅनेजर. शिकल्या-सवरल्या घरचे, यवतमाळात तीन पिढ्यांपासून हापिसात बसणारे. आवाज कधी चढवत नाहीत. टेबलावर टाइप केलेला कागद होता अन् शाईचा पॅड, झाकण उघडून माह्याकडं फिरवलेला. सुपरवायझर बाजूले उभा.

"मावशी, इथं अंगठा करून टाका," साहेब म्हणाले. "दोन-तीन महिन्यांनी बघू. परत घेऊ तुम्हाला."

परत घेऊ म्हणलं की माणूस पाघळते. मीही पाघळली असती. पण मी कागदाकडं हात नेला तेवढ्यात सुपरवायझरनं माहं मनगट धरलं अन् अंगठा पॅडवर दाबायले नेला. चावी देताना लागायचा तोच हात. मी झटका मारला.

"सोडा. वाचू द्या मले."

साहेबाच्या भुवया वर गेल्या. "तुम्हाला वाचता येतं?"

नववी पास हाय मी. शाळेत फळ्यावर सुविचार मी लिहायची. सहा वर्षांत या हापिसात कोणी विचारलं नाही. मजूर बाई, आमच्या वस्तीची, म्हणजे अंगठाच. पहिल्या दिवशीही पॅडच पुढं केलता अन् मीही मुकाट्यानं टेकवलता. सही येते, हे सांगायची मलेच लाज वाटली होती.

कागदावर लिहिलं होतं: घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे. माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तारीख मले काढायच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मालकापुढं मी उभी राह्यली, त्याच दिवशी मी खुशीनं काम सोडलं. गेटवर जो अंगठा मशीनले दिसत नव्हता, तो साहेबाले बरोबर दिसून राह्यला होता.

मी म्हणलं, मी सोडलं नाही, तुम्ही काढलं. काढलं असं लिहा, काहून काढलं तेही लिहा, मंग मी सही करते. अंगठा नाही करत.

साहेब हसले. "तुमच्या लोकांना हक्कांची भाषा फार लवकर येते."

माह्या तोंडातून निघालं, "लवकर कुठं साहेब? सहा वर्षं लागले मले."

तो कागद तसाच ठेवून मी निघाली. तक्रारीचा अर्ज मी माह्या हातानं लिहिला. पोरगीनं लिहून देते म्हणलं होतं, मी नाही म्हणलं. यवतमाळच्या कामगार अधिकाऱ्याच्या हापिसात बाबूनं मान वर न करता विचारलं, सही की अंगठा? मी म्हणलं, सही. कॉपीवर त्याचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलली नाही.

कंपनीनं लिहून देलं की ही बाई आमची नाहीच, ठेकेदाराची हाय. सहा वर्षांत मी त्या ठेकेदाराचं तोंड पाह्यलं नाही. मी म्हणलं, मशीन मागवा. सहा वर्षांचा माहा अंगठा त्याच्यात हाय, रोजचा, टायमासकट. आतापर्यंत त्यायनं पुसला असंल का नाही, मले माहीत नाही. तारीख पडते, साहेबाचा माणूस येत नाही, पुन्हा तारीख पडते. काका म्हणते, वर्षं जातीन. मिलमधल्या बाया बाजारात दिसल्या की दुसऱ्या गल्लीनं जातात. चावी अजून त्याच खिशात हाय.

मागच्या रविवारी मी तुळसाचं घर शोधत गेली. तिनं तवा साहेबाच्या अशाच कागदावर अंगठा देला होता. तिनं मले ओळखलं अन् दारातच उभं ठेवलं. म्हणे, आता काय फायदा? मी म्हणलं, फायद्याचं सोड. त्या दिवशी मी तुह्या मागं उभी होती. तुले काढलं हे मी डोळ्यानं पाह्यलं, अन् तुले ढकलून मी आत गेली. हे मले साहेबापुढं, अधिकाऱ्यापुढं लिहून द्यायचं हाय. माहं ढकलणंही लिहीन. तिनं दार लावलं.

लावू दे. मी तिच्या नावाचाही अर्ज लिहून ठेवला हाय, सहीची जागा तेवढी कोरी हाय. येत्या सोमवारी तारीख हाय. मी जाणार. साहेबाचा माणूस आला नाही तर त्याच्या पुढच्या तारखेले जाणार. मले काढलं हे कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या सहीनं येईपर्यंत मी त्या हापिसाची पायरी सोडत नाही. पॅड कोणीही पुढं करू दे.