रेन्स्के कॅरॅव्हॅन घेऊन ऑस्ट्रियाला निघते

इतकी वर्षं कॅरॅव्हॅन, ते गाडीमागचं चाकांवरचं घर, ओढली ती नवऱ्याने, डौवेने. रेन्स्के शेजारी बसून नकाशा बघायची. अर्धांगवायूने डौवेचा उजवा हात आणि पाय लुळे पडले, तेव्हा त्याचा भाऊ सीब्रेन म्हणाला, "वहिनी, विकून टाका आता ती."

"का? मी मेले का?"

साठी उलटलेल्या रेन्स्केने कॅरॅव्हॅन ओढायच्या वेगळ्या परवान्यासाठी शिकवणी लावली. पहिल्या परीक्षेत मागे घेताना तिने खांबच आडवा केला. सीब्रेनने ते त्यांच्या स्नेक गावभर सांगितलं. दुसऱ्या खेपेला पास झाल्यावर तिने त्याच्या घरी केक पाठवला, वर क्रीमचा खांब उभा करून.

मग तयारी. गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्हींची नोंदणीपत्रं, विम्याचे कागद, परवाना. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेचं रबर तडकलेलं, म्हणून दोन्ही टायर बदलले. कॅरॅव्हॅन गाडीपासून सुटलीच तर ब्रेक लावणारी तारही नवी बसवली. वजनकाट्यावर मात्र वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलं.

"बटाट्यांची पोती उतरवते."

"अगं, तिकडचे बटाटे मेणचट असतात!" डौवे कुरकुरला.

"मग तू उतर."

बटाटे उतरले.

इन्सब्रुकच्या अलीकडे पोलिसांनी हात केला. पुढे एक जोडपं घामाघूम होऊन कॅरॅव्हॅनमधून खुर्च्या, तंबू, बिअरचे क्रेट उतरवत होतं. रेन्स्केने कागद पुढे केले. पोलिसाने कागद चाळले, धोक्याचा त्रिकोण, भडक जाकिटं, प्रथमोपचाराची पेटी बघितली, दिवे लावायला सांगितले, टायरपाशी वाकला. शेवटी वजन.

"सगळं चोख आहे, बाई. नेहमी कोण चालवतं?"

"हीच!" डौवे खिडकीतून ओरडला. "मला हात लावू देत नाही!"

कॅरॅव्हॅनच्या तळावर दोघं पोचली तेव्हा पुरुषमंडळी कॉफीचे मग घेऊन गंमत बघायला जमलीच होती. एकाने हातवारे सुरू केले, "डावीकडे! अहो, डावीकडे!"

"भाऊ, जरा बाजूला व्हा. तुम्हीच मध्ये येताय."

तिने आरशात पाहिलं, चाक हलकेच फिरवलं आणि एका दमात कॅरॅव्हॅन दोन झाडांमध्ये नेऊन बसवली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. डौवेला टाळी वाजवता येईना, म्हणून तो चांगल्या हाताने गाडीचं दार बडवत सुटला.

रेन्स्केने इंजिन बंद केलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"डौवे," ती म्हणाली, "इथून इटली किती लांब रे?"